एका शब्दाचे उसने गोत्र

इंग्रजी भाषेतील ‘पॉटलक’ हा शब्द आता मराठी वाचकाला अनोळखी राहिलेला नाही. अमेरिकेत व कॅनडात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे सणासमारंभाला एकत्र येतात, तेव्हा पुष्कळदा कोणा एका घरावर स्वयंपाकाचा सगळा भार टाकला जात नाही. कोणी पुरणपोळ्या आणते, कोणी मसालेभात, कोणी कोशिंबीर. सर्वांचे पदार्थ एका मेजावर मांडले जातात आणि सर्वजण त्यातून वाढून घेतात. या रीतीला तेथे पॉटलक म्हणतात. तिकडून येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर हा शब्द पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत आणि गृहनिर्माण संस्थांतही रुळू लागला आहे.

हा शब्द आला कोठून, असा प्रश्न निघाला की एक सुरस कथा हमखास सांगितली जाते. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील आदिवासी जमातींत ‘पॉटलॅच’ नावाचा एक मोठा भोजन व दानसमारंभ असे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी तो पाहिला, त्याचे नाव उचलले, आणि उच्चार बिघडत बिघडत पॉटलॅचचे पॉटलक झाले, असे या कथेचे तात्पर्य. ती ऐकताना माणूस सहज मान डोलावतो. दोन्ही शब्दांचे ध्वनी जवळचे, दोन्हींचा संबंध भोजनाशी, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना निदान एका शब्दाचे श्रेय दिल्याचे समाधानही पदरात पडते. कथेत खोट एकच आहे. ती खरी नाही.

एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती चुकीची सांगितली गेली म्हणून कोणाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. पुष्कळदा काहीच बिघडत नाही, हेही खरे. येथे मात्र या लहानशा चुकीच्या पोटात दोन वेगवेगळ्या आतिथ्यधर्मांचा इतिहास दडपला गेला आहे. त्यांतील एक गरीब घराच्या चुलीवरचा, आणि दुसरा कायद्याने गुन्हा ठरवला गेलेला.

चुलीवरचे भांडे

पॉटलक हा सरळसरळ दोन शब्दांचा समास आहे. ‘पॉट’ म्हणजे भांडे आणि ‘लक’ म्हणजे नशीब. यांपैकी ‘लक’ हा शब्द पंधराव्या शतकात डच व उत्तर जर्मनीतील बोलींतून इंग्रजीत आला. जुगाराच्या खेळातील संज्ञा म्हणून तो आला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. या दोहोंचा समास पहिल्यांदा आढळतो तो टॉमस नॅश या लेखकाच्या ‘समर्स लास्ट विल अँड टेस्टमेंट’ या नाटकात. हे नाटक १५९२ मध्ये, लंडनमध्ये प्लेगची साथ चालू असताना, शहराच्या दक्षिणेस असलेल्या क्रॉयडन येथे कँटरबरीच्या आर्चबिशपच्या वाड्यात झाले असे मानले जाते. ते छापले गेले १६०० मध्ये. म्हणजे शेक्सपिअर लंडनच्या रंगभूमीवर नुकता पुढे येत होता, त्या काळातला हा शब्द आहे.

त्याचा अर्थ समजण्यासाठी त्या काळचे सामान्य इंग्रजी घर डोळ्यांपुढे आणले पाहिजे. सळईवर खरपूस भाजलेले मांस हे श्रीमंताच्या घरचे अन्न. साध्या घरात चुलाण्यावर एक मोठे भांडे टांगलेले असे. वाळवलेले वाटाणे, जव, कोबी, कांदा, जमलेच तर खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा, असे जे घरात असेल ते त्यात शिजत पडे. आज त्यात काय आहे हे ऋतूवर, पिकावर आणि घरधन्याच्या मिळकतीवर अवलंबून. अवेळी दारात आलेल्या पाहुण्यासाठी वेगळा स्वयंपाक करण्याची सोय नसे. त्याला भांड्यात जे असेल ते मिळे. त्याच्या नशिबाने मांसाचा तुकडा आला तर आला, नाहीतर वाटाण्याचे पिठूळ कालवण होतेच. हेच भांड्यातले नशीब. फ्रेंच भाषेतही ‘फोर्त्यून द्यु पो’ असा याच अर्थाचा, याच दोन कल्पना जोडणारा वाक्प्रचार आहे. एका भांड्यावर संसार चालवणाऱ्या दोन्ही शेजारी समाजांना तो सुचावा, यात नवल नाही.

पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत एखाद्या स्नेह्याला घरी जेवायला बोलावताना ‘आमच्याबरोबर पॉटलक घ्या’ असे म्हणण्याची रीत इंग्रजीत पडली. या निमंत्रणातील विनय मराठी माणसाला सहज उमगेल. आपल्याकडेही ‘आमची मीठभाकर गोड मानून घ्या’ असे म्हटले जातेच. त्यात यजमान एक गोष्ट कबूल करतो आणि एक गोष्ट मागतो. तुमच्यासाठी खास काही केलेले नाही, हे तो कबूल करतो. जे आहे त्यात सुख माना, एवढेच मागतो. पाहुण्याने सोबत काही आणायचे नसते. त्याने भूक आणावी आणि नावे ठेवू नयेत, इतकेच. खास बेत केला म्हणजे पाहुणा परका ठरतो. रोजच्या अन्नात त्याला वाटेकरी करून घेतले म्हणजे तो तेवढ्या वेळेपुरता घरचा होतो. या शब्दाचा मूळ गाभा असा आहे.

आज रूढ असलेला अर्थ पुष्कळ अलीकडचा, आणि तोही अमेरिकेत घडलेला. तेथील गावांत आणि विखुरलेल्या शेतवस्त्यांत चर्च ही एकत्र येण्याची जागा होती. शेपन्नास माणसांचे जेवण एका घराला झेपणारे नव्हते, म्हणून प्रत्येक घरच्या बाईने झाकलेल्या भांड्यातून एकेक पदार्थ आणावा असा प्रघात पडला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अशा सामुदायिक भोजनाला पॉटलक हे नाव चिकटत गेले. भांडे तेच राहिले, नशिबाचा अर्थ मात्र सरकला. पूर्वी यजमानाच्या भांड्यात काय निघेल याचे नशीब होते, आता शेजारीण काय घेऊन येईल याचे झाले. इतर ठिकाणी याच रीतीला वेगळी नावे आहेत. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात तिला ‘जेकब्ज जॉइन’ म्हणतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये ‘येताना एक प्लेट आणा’ असे सांगतात. आणि त्या देशांत नव्याने आलेली माणसे खरोखरच रिकामी बशी घेऊन दारात उभी राहिल्याचे किस्से तेथे आजही चवीने सांगितले जातात.

मराठी माणसाला ही सामुदायिक रीतही नवी नाही. शाळेतली अंगतपंगत हीच आहे, आणि गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवणाऱ्या गोपाळकाल्याची कल्पनाही याच जातीची आहे.

पॉटलॅचचे स्वरूप

आता दुसऱ्या शब्दाकडे वळले पाहिजे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा किनारा आणि त्याला लागून असलेला अमेरिकेचा प्रदेश येथे हैडा, त्लिंगित, त्सिमशियन, नू-चा-नुल्थ, क्वाक्वाकावाक्व इत्यादी जमाती राहतात. समुद्र, सामन मासा आणि देवदाराची अरण्ये यांवर त्यांची समृद्धी उभी होती. नू-चा-नुल्थ लोकांच्या भाषेतील ‘देणे’ या अर्थाचा शब्द त्या किनाऱ्यावरच्या व्यापाराच्या मिश्रबोलीत, म्हणजे चिनूक बोलीत, शिरला आणि तेथून एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत ‘पॉटलॅच’ या रूपाने आला.

पॉटलॅच हे नुसते जेवण नव्हे. मुलाचे नामकरण, विवाह, मृताचे स्मरण, नव्या कोरीव स्तंभाची स्थापना, सरदारकीचा वारसा अशा प्रसंगी यजमान घराणे इतर घराण्यांना बोलावी. मुखवटे धारण करून नृत्ये होत, घराण्याच्या कथा सांगितल्या जात, कोणते नाव व कोणता अधिकार कोणाकडे आला हे जाहीर केले जाई. ज्या समाजात लेखी दस्तऐवज नव्हते, त्या समाजात जमलेले पाहुणे हेच साक्षीदार, आणि त्यांना दिलेल्या भेटी ही त्यांच्या साक्षीची दक्षिणा. घोंगड्या, होड्या, माशाचे मोलाचे तेल, तांब्याच्या कोरीव ढाली असे पुष्कळ काही वाटले जाई. किती साठवले यावर माणसाची थोरवी मोजली जात नसे. ती मोजली जाई किती दिले यावर. घेणाऱ्यानेही पुढे आपल्या घरच्या समारंभात ते वाढवून परत करावे, असा संकेत होता.

हा संकेत युरोपातील विद्वानांना इतका महत्त्वाचा वाटला की फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दानविषयक निबंधात त्याला मध्यवर्ती स्थान दिले. देणे, घेणे आणि परतफेड करणे ही तीन कर्तव्ये त्याने या व्यवहारात पाहिली. त्याच निबंधात महाभारताच्या अनुशासनपर्वातील दानधर्माचाही विचार त्याने केला आहे, ही गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सरकारी दृष्टी मात्र वेगळी होती. मिळवलेले धन वाटून टाकणारा माणूस ‘सुधारणार’ कसा, अशी मिशनऱ्यांची व आदिवासी खात्याच्या अधिकाऱ्यांची तक्रार होती. त्यांच्या आग्रहावरून कॅनडाच्या संसदेने १८८४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पॉटलॅच हा गुन्हा ठरवला. दोन ते सहा महिने कारावास ही त्याची शिक्षा. फ्रान्झ बोआस यांच्यासारख्या मानववंशशास्त्रज्ञाने बंदीला विरोध केला, पण ती टिकली. १९२१ च्या नाताळच्या सुमारास डॅन क्रॅनमर या सरदाराने व्हिलेज आयलंड या एकाकी बेटावर मोठा पॉटलॅच केला. पिठाची पोती, शिवणयंत्रे, ग्रामोफोन, होड्या अशा वस्तू त्यात वाटल्या गेल्या. वार्ता फुटली, आणि ४५ जणांवर खटले भरले गेले. आरोप काय होते? भाषण केले, नृत्य केले, भेटवस्तू नेऊन दिल्या! त्या विभागाचा सरकारी एजंट विल्यम हॅलिडे हाच दंडाधिकारी म्हणून न्यायासनावर बसला होता. जे आपले मुखवटे, ढाली आणि समारंभाचे साहित्य सरकारच्या स्वाधीन करतील त्यांची शिक्षा तहकूब राहील, असा सौदा पुढे ठेवण्यात आला. सुमारे २० जण तुरुंगात गेले. जमा झालेल्या वस्तू ओटावा व टोरोंटो येथील संग्रहालयांत पोचल्या, आणि काही न्यूयॉर्कच्या एका संग्राहकाला विकल्या गेल्या.

ही बंदी १९५१ मध्ये कायद्याच्या नव्या मसुद्यातून गळून पडली. दरम्यान आणखी एक विसंगती घडून गेली होती. सीमेपलीकडच्या सिअ‍ॅटल शहराने १९११ मध्ये आपल्या नगरोत्सवाला ‘गोल्डन पॉटलॅच’ असे नाव दिले. एकीकडे जे करण्याबद्दल माणसे गुन्हेगार ठरत होती, त्याचेच नाव दुसरीकडे मिरवणुकीच्या फलकावर झळकत होते. त्या प्रदेशाच्या बोलीभाषेत कोणत्याही मोठ्या मेजवानीला गमतीने पॉटलॅच म्हणण्याची सवयही पडली. पॉटलक आणि पॉटलॅच यांची गल्लत पुढे सोपी झाली, तिला ही सवय कारणीभूत झाली असणे शक्य आहे.

तीन कसोट्या

कोणत्याही व्युत्पत्तीला तीन साधे प्रश्न विचारता येतात, आणि शिक्षकांनी ते वर्गात मुद्दाम विचारावेत असे आहेत. पहिला प्रश्न काळाचा. नॅशचे नाटक १५९२ चे. कॅप्टन जेम्स कुक याची जहाजे व्हँकूव्हर बेटाच्या नूटका खाडीत शिरली ती १७७८ मध्ये. मधे १८६ वर्षांचे अंतर आहे. ज्या लोकांशी इंग्रजांची अद्याप गाठच पडली नव्हती, त्यांच्याकडून शब्द उसना घेणार कसा? दुसरा प्रश्न वाटेचा. शब्द एका भाषेतून दुसरीत जातो तो कोणाच्या तरी तोंडून, व्यापारी, खलाशी किंवा मिशनरी यांच्याबरोबर. पॉटलॅच अशा वाटेने आला आणि त्या वाटेवरच्या खुणा सापडतात. पॉटलकच्या बाबतीत अशा वाटेची गरजच नाही, कारण त्याचे दोन्ही घटक इंग्रजीच्या घरात आधीपासून होते.

तिसरा प्रश्न अर्थाचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. पॉटलॅचमध्ये पाहुणा आपल्या घरून पदार्थ करून आणीत नाही. सगळे यजमानाने द्यायचे, आणि जितके अधिक देईल तितके त्याचे नाव मोठे. पॉटलकच्या जुन्या अर्थात यजमान खास काहीच देत नाही, आणि नव्या अर्थात तर यजमान असा कोणी उरतच नाही. एकात दान आहे, एकात मीठभाकर आहे, एकात वर्गणी आहे. केवळ उच्चाराच्या साम्यावरून या तिघांना एका वंशावळीत बसवणे म्हणजे नावे सारखी दिसली म्हणून सातबारा एक करण्यासारखे आहे.

अतिथी आणि तिथी

अशा लोकव्युत्पत्ती सर्व भाषांत असतात. मराठी मुलांना शाळेत ‘अतिथी’ या शब्दाचा अर्थ सांगितला जातो तो ‘ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो’ असा. हा अर्थ गोड आहे आणि शिकवण म्हणून मोलाचा आहे. पण हा शब्द ऋग्वेदाइतका जुना असून तेथे अग्नीलाही अतिथी म्हटले आहे. निरुक्तकार यास्काने तो मुख्यतः ‘अत्’ म्हणजे जाणे, फिरणे या धातूवरून लावला आणि तिथीशी संबंध हा दुसरा पर्याय म्हणून नोंदवला. अवेस्ता भाषेतील पाहुण्यासाठीचा ‘अस्ति’ हा शब्द त्याचा सख्खा भाऊ मानला जातो. मुळात अतिथी म्हणजे वाटसरू. मनुस्मृतीने तर एक रात्र राहणारा तो अतिथी, असे सांगून त्याच्या मुक्कामाच्या अनित्यतेवर भर दिला आहे.

मग ‘अ-तिथी’ ही फोड चालवून घ्यायची आणि पॉटलॅचची कथा मात्र खोडून काढायची, हा दुजाभाव कशासाठी, असा आक्षेप घेता येईल. त्याचे उत्तर परिणामात आहे. अतिथीच्या लोकव्युत्पत्तीने कोणाचे काही हिरावून घेतले नाही. उलट न कळवता आलेल्या माणसालाही दार उघडावे, हे तिने पिढ्यान्‌पिढ्या शिकवले. पॉटलॅचची कथा सांगणाऱ्याचा हेतूही वाईट नसतो. आदिवासींना मान द्यावा असेच त्याला वाटत असते. परंतु त्या कथेमुळे ऐकणाऱ्याच्या मनात पॉटलॅचचे चित्र उभे राहते ते आणलेल्या डब्यांच्या सहभोजनाचे. वारसा, साक्ष, स्मृती आणि औदार्य यांची एक संपूर्ण समाजव्यवस्था एका निरुपद्रवी सहलीएवढी होऊन जाते. अशा सहलीवर बंदी घालण्याइतके भय सरकारला का वाटले आणि माणसे तिच्यासाठी तुरुंगात का गेली, हे मग कळूच शकत नाही. शब्दाचे खोटे श्रेय देऊन खऱ्या इतिहासाचे ऋण फिटत नाही.

दुसरीकडे, ज्या घरांतून पॉटलक हा शब्द निघाला त्या घरांचेही देणे बुडते. टांगलेल्या भांड्यातले कालवण पाहुण्याशी वाटून खाणाऱ्या निनावी शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी भाषेला दिलेली ही ठेव आहे. आपल्या गरिबीची लाज न बाळगता ती पाहुण्यापुढे ठेवण्याची आणि पाहुण्याने ती मानाने स्वीकारण्याची ती रीत. शहरांतल्या घरांत आज आधी फोन केल्यावाचून कोणी कोणाकडे जात नाही. पाहुणा येणार म्हटले की बाहेरून पदार्थ मागवले जातात, आणि तेवढी तयारी जमणार नसेल तर बोलावणेच लांबणीवर पडते. कित्येक स्नेह या संकोचापायी विरळ होतात. भांड्यात जे असेल त्यावर पाहुण्याला बसवण्याचा जुना अर्थ, म्हणूनच, नव्या अर्थाहून कमी मोलाचा नाही.

क्वाक्वाकावाक्व लोकांना त्यांच्या जप्त झालेल्या वस्तू पुष्कळ प्रयत्नांनंतर परत मिळू लागल्या. त्या ठेवण्यासाठी केप मज येथे १९७९ मध्ये आणि अलर्ट बे येथे १९८० मध्ये अशी दोन संग्रहालये उघडली. अलर्ट बेच्या संस्थेचे नाव ‘उमिस्टा’ असे आहे. पूर्वी शत्रूने धरून नेलेली माणसे सुटून घरी आली की त्यांना उमिस्टा लाभले असे तेथे म्हणत. हिरावले गेलेले परत येणे, हा त्या शब्दाचा अर्थ. पॉटलॅच आणि पॉटलक या दोन्ही शब्दांना आपापल्या घरी परत पोचवणे हे शब्दकोशातले लहानसे काम असले, तरी त्याची जात हीच आहे. शब्दही भाषेच्या दारात आलेला पाहुणाच असतो. त्याचे नाव, गाव आणि आलेली वाट आस्थेने विचारून घेणे, हा आतिथ्याचाच एक भाग मानला पाहिजे.